न्यू जर्सीचं लायसन्स आणि डेलावेअरचा पेशंट: फिजिओथेरपिस्टने राज्याची हद्द ओलांडताना

आलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मूळची सांगलीची. फिजिओथेरपीची पदवी (बीपीटी) महाराष्ट्रात, मास्टर्स अमेरिकेत, एनपीटीई ही लायसन्ससाठीची परीक्षा उत्तीर्ण, न्यू जर्सीचं लायसन्स हातात. न्यू जर्सीतच चेरी हिलला राहते, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि पेशंटच्या घरी जाऊन उपचार देणाऱ्या एका होम हेल्थ एजन्सीत नोकरी करते. एजन्सी म्हणते आहे की डेलावेअरचे आणि पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाचेही पेशंट घे. एक वयस्कर पेशंट हिवाळ्यात दोन महिने लेकीकडे न्यू यॉर्कला, क्वीन्समध्ये राहणार आहेत आणि त्यांना व्हिडिओवर व्यायाम चालू ठेवायचे आहेत. नवऱ्याला टेक्ससमध्ये नोकरी मिळण्याची शक्यता आहे. सांगलीला आईच्या मैत्रिणीही व्हिडिओवर सल्ला मागतात. आणि सोबत काम करणाऱ्या कुणीतरी सांगितलं आहे, "कॉम्पॅक्ट घेतलं की सगळीकडे चालतं."

सगळीकडे चालत नाही. कॉम्पॅक्ट, म्हणजे लायसन्सबद्दल राज्यांनी आपसात केलेला करार, उपयोगाचं आहे आणि आपल्यासारख्या बाहेर शिकून आलेल्यांना तर फारच, पण ते नेमकं काय देतं हे कळल्याशिवाय एकाही पेशंटच्या दारात उभं राहू नका. तुम्ही विचारलेल्या प्रत्येक प्रसंगाचं उत्तर वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात एका नियमापासून. लायसन्स लागतं ते पेशंट उपचाराच्या क्षणी ज्या राज्यात आहे त्या राज्याचं. तुम्ही कुठे राहता, एजन्सीचं ऑफिस कुठे आहे, पेशंटच्या कार्डावर कुठला पत्ता आहे, विमा कुणाचा आहे, यांपैकी कशानेही हे बदलत नाही. पुलापलीकडच्या विल्मिंग्टनमध्ये पेशंटचा गुडघा तपासायचा असेल तर डेलावेअरचा अधिकार हवा. तुम्ही चेरी हिलच्या घरात बसून लॅपटॉपवरून तोच गुडघा पाहिलात, तरी हवा तो डेलावेअरचाच.

हे असं का आहे, ते समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. अमेरिकेत लोकांच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची काळजी घेण्याचा मूळ अधिकार राज्यांकडे आहे. डॉक्टरांच्या लायसन्सला वेस्ट व्हर्जिनियात आव्हान दिलं गेलं, तेव्हा १८८९ मध्ये 'डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा हा अधिकार मान्य केला. तेव्हापासून सगळ्या आरोग्य व्यवसायांची बोर्डं राज्याराज्यांचीच राहिली. बोर्ड आहे ते पेशंटच्या संरक्षणासाठी. डेलावेअरमधल्या माणसाला तुमच्या हातून इजा झाली तर त्याला दाद मागता आली पाहिजे ती त्याच्या राज्यात. त्याने न्यू जर्सीच्या बोर्डाकडे चकरा माराव्यात अशी अपेक्षा कुणी करू शकत नाही. मला स्वतःला ही भूमिका पटते. कागदपत्रांचा त्रास आपल्याला होतो हे खरं, पण ज्या माणसाचं हिप रिप्लेसमेंट नुकतंच झालंय आणि जो आपल्या भरवशावर पहिलं पाऊल टाकतोय, त्याच्या बाजूने पाहिलं तर हा नियम योग्यच वाटतो.

आता कॉम्पॅक्ट. राज्यांनी आपसात कायद्याने केलेला हा करार आहे. तुमच्या भागात याचं जुनं उदाहरण म्हणजे न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीचं पोर्ट ऑथॉरिटी, जे १९२१ मध्ये अशाच आंतरराज्य करारातून उभं राहिलं. फिजिकल थेरपीसाठी (फिजिओथेरपीला इथे हेच म्हणतात, थोडक्यात पीटी) राज्य बोर्डांच्या फेडरेशनने, म्हणजे ज्या एफएसबीपीटीची एनपीटीई आपण देतो तिने, पुढाकार घेतला. २०१६ मध्ये ओरेगनने पहिला कायदा केला, २०१७ मध्ये दहा राज्यं पूर्ण झाली आणि करार अमलात आला. प्रत्यक्ष प्रिव्हिलेज द्यायला २०१८ च्या जुलैमध्ये सुरुवात झाली. आज तीसहून जास्त राज्यांनी कायदा केलेला आहे. न्यू जर्सी, डेलावेअर, टेक्सस त्यात आहेत. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया ही दोन मोठी राज्यं नाहीत.

गोंधळ होतो तो नर्सेसच्या कॉम्पॅक्टमुळे. त्यांना एक मल्टिस्टेट लायसन्स मिळतं आणि सगळ्या सदस्य राज्यांत ते आपोआप चालतं. हॉस्पिटलमधल्या नर्स मैत्रिणीकडून हे ऐकून आपल्याकडच्या लोकांना वाटतं की पीटीचंही तसंच असणार. आपलं तसं नाही. आपल्याला प्रत्येक राज्यासाठी वेगळं 'कॉम्पॅक्ट प्रिव्हिलेज' घ्यावं लागतं आणि प्रत्येकाची फी वेगळी. कमिशनची फी प्रत्येक प्रिव्हिलेजमागे ४५ डॉलर, त्यावर त्या त्या राज्याची आपली फी, काही ठिकाणी ती नगण्य तर काही ठिकाणी बरीच. काही राज्यं आधी ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे त्यांच्या कायद्याची परीक्षा मागतात. टेक्सस मागतं. ती आधी द्यायची आणि मग प्रिव्हिलेज घ्यायचं.

प्रिव्हिलेजसाठी अटी मोजक्या आहेत. तुमचं कायमचं राहण्याचं राज्य, म्हणजे होम स्टेट, कॉम्पॅक्टमध्ये असलं पाहिजे. त्या राज्याचं चालू लायसन्स तुमच्याकडे असलं पाहिजे. कुठल्याही राज्यातल्या लायसन्सवर निर्बंध नकोत आणि मागच्या दोन वर्षांत शिस्तभंगाची कारवाई नको. बस्स. परदेशी शिकलेल्यांसाठी वेगळी अट नाही, आणि इथेच आपला मोठा फायदा आहे.

तो किती मोठा, ते एंडोर्समेंटची वाट तुडवलेल्यालाच कळेल. एका राज्याचं लायसन्स असताना दुसऱ्याचं पूर्ण लायसन्स मागायचं, तर एनपीटीईचा स्कोअर ट्रान्सफर करा, आधीच्या प्रत्येक राज्याकडून पडताळणी मागवा, बोटांचे ठसे पुन्हा द्या. आपल्यासारख्यांना शिवाय शिक्षणाच्या मूल्यमापनाचा अहवाल. परदेशी शिक्षण तपासणाऱ्या एफसीसीपीटी या संस्थेने पहिल्या राज्यासाठी केलेलं मूल्यमापन दुसरं राज्य तसंच मान्य करेल याची खात्री नसते. ते कोर्सवर्क टूलची (ज्या तक्त्यावरून अभ्यासक्रम तपासतात त्याची) वेगळी आवृत्ती मागू शकतं, आणि मग पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत कॉलेजातून मागवायची वेळ येते. कॉलेजच्या ऑफिसात त्यासाठी भावाला किंवा वडिलांना फेऱ्या माराव्या लागल्याच्या गोष्टी आपल्या लोकांत घरोघरी ऐकू येतात. कॉम्पॅक्टमध्ये यातलं काही पुन्हा होत नाही. होम स्टेटने तुमचं शिक्षण एकदा तपासलं, तेच बाकीच्या राज्यांनी मानलं. सगळं जुळत असेल तर प्रिव्हिलेज ऑनलाइन, बहुधा त्याच दिवशी मिळतं. २०१० मध्ये परीक्षेच्या सुरक्षिततेच्या कारणावरून भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त या चार देशांच्या पदवीधरांना एनपीटीई देणंच थांबवलं गेलं होतं. पेपर फोडण्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा कितीतरी मुलामुलींची वर्षं त्यात गेली. तो काळ ज्यांनी काढला त्यांना आजच्या या समान वागणुकीची किंमत कळते.

तर डेलावेअर. तुमचं घर न्यू जर्सीत, लायसन्स न्यू जर्सीचं, दोन्ही राज्यं करारात. प्रिव्हिलेज मिळेल. पण तारीख पाहून घ्या. प्रिव्हिलेजची स्वतःची मुदत नसते, ती होम स्टेटच्या लायसन्सबरोबर संपते. न्यू जर्सीचं लायसन्स सम वर्षाच्या ३१ जानेवारीला संपतं. त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये प्रिव्हिलेज घेतलंत तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तीच फी. एजन्सीला घाई असेल तर फी एजन्सीने भरावी, हे मोकळेपणाने मागा. सततच्या शिक्षणाचे क्रेडिट मात्र फक्त होम स्टेटचे पूर्ण करायचे. न्यू जर्सीचे ३० क्रेडिट झाले की डेलावेअर वेगळे मागत नाही.

एजन्सीला आणखी एक विचारा: तुमच्याकडे डेलावेअरमध्ये होम हेल्थ चालवण्याचा परवाना आहे का? थेरपिस्टचं लायसन्स आणि एजन्सीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजन्सीचं क्षेत्रही ठरलेलं असतं. तुमचं प्रिव्हिलेज शाबूत असूनही एजन्सीला तिथे काम करायचा अधिकार नसेल, तर त्या भेटीचं बिल मंजूर होणार नाही आणि चार्टवर सही असेल तुमची. हे लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या.

फिलाडेल्फियाच्या बाबतीत कायदा होणं आणि प्रिव्हिलेज मिळू लागणं यांत फरक करा. विधिमंडळाने कायदा केला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं असं होत नाही. पेनसिल्व्हेनियाने कायदा केल्यावरही एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणीच्या मान्यतेपायी गाडी बराच काळ अडून राहिली होती. पीटी कॉम्पॅक्टच्या संकेतस्थळावर राज्यांचा नकाशा आहे. त्यात कायदा झालेली राज्यं आणि प्रत्यक्ष प्रिव्हिलेज देणारी राज्यं वेगवेगळ्या रंगांत दाखवलेली असतात. ज्या दिवशी पेशंट स्वीकारायचा त्या दिवशी तो नकाशा उघडा. मॅनेजरने मागच्या वर्षी छापून भिंतीवर लावलेल्या कागदावर विसंबू नका.

आता ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात ते, म्हणजे व्हिसा. लायसन्सची हद्द आणि एच-१बीची हद्द जुळत नाहीत. एच-१बी कामाच्या जागेशी बांधलेला असतो, आणि जागा ठरते ती महानगर क्षेत्राने. २०१५ च्या 'सिमिओ सोल्यूशन्स' निर्णयापासून हे स्पष्ट आहे की कामाची जागा त्या क्षेत्राबाहेर गेली तर मालकाला सुधारित अर्ज करावा लागतो. तुमच्या बाबतीत गंमतशीर योग असा, की कॅम्डेन (चेरी हिल याच भागात येतं), फिलाडेल्फिया आणि विल्मिंग्टन हे सरकारी व्याख्येप्रमाणे एकच महानगर क्षेत्र आहे. म्हणजे लायसन्ससाठी तीन राज्यं, व्हिसासाठी एकच परिसर. विल्मिंग्टनला गेल्याने सुधारित अर्जाची गरज बहुधा पडणार नाही, पण नव्या जागी एलसीएची (मालकाने श्रम खात्याकडे केलेल्या अर्जाची) सूचना लावणं वगैरे मालकाची कामं राहतातच. मात्र त्याच डेलावेअरमध्ये आणखी खाली डोव्हरला पाठवलं, तर ते वेगळं महानगर क्षेत्र आहे. प्रिव्हिलेज तेच, राज्य तेच, पण व्हिसाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. एजन्सीच्या शेड्युलिंगवाल्या माणसाला हे माहीत असण्याची शक्यता कमी. पेशंटची यादी हातात आली की डोव्हरकडचे पत्ते बाजूला काढा आणि इमिग्रेशनच्या वकिलाकडून होकार येईपर्यंत घेऊ नका. कंपनीचा वकील कंपनीचं हित पाहतो. शंका मोठी असेल तर तासाभराची फी देऊन आपला वकील गाठणं परवडतं.

न्यू यॉर्कच्या पेशंटचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. क्वीन्समध्ये असताना त्यांना व्हिडिओवर पाहायला न्यू यॉर्कचं लायसन्स लागेल, आणि न्यू यॉर्क करारात नसल्याने प्रिव्हिलेजची सोय नाही. तिथे आपला व्यवसाय राज्याच्या शिक्षण विभागाकडे आहे. अर्ज, मूल्यमापन सगळं नव्याने. दोन महिन्यांच्या उपचारासाठी ते वेळेत होणार नाही. "कोविडमध्ये तर चालत होतं," हे वाक्य मला आजही ऐकू येतं. त्या वेळी राज्यांनी आणीबाणीतल्या सवलती दिल्या होत्या. केंद्राची आणीबाणी ११ मे २०२३ ला संपली आणि राज्यांच्या सवलतीही संपत गेल्या. आता त्या आधारावर कुणी काम करत असेल तर ते विनापरवाना काम आहे.

शिवाय तुमचे पेशंट मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) होम हेल्थखाली असतील तर व्हिडिओ कॉल ही भेट म्हणून धरलीच जात नाही. प्रत्यक्ष भेटीच्या जागी ती घालता येत नाही. तेव्हा योग्य रस्ता हाच की जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी कुटुंबाशी बोला आणि क्वीन्समधली एजन्सी ठरवायला मदत करा. सोबत नीट लिहिलेला सारांश द्या. त्यात शस्त्रक्रियेची तारीख, वजन टाकण्याची मर्यादा, आजची चाल, जिना किती पायऱ्या, कुठल्या हालचालीला दुखतं, कुठल्या व्यायामाला ते कंटाळा करतात, सगळं लिहा. नवा थेरपिस्ट पहिल्या दिवशी जे तासभर शोधत बसेल ते त्याला पानभर मजकुरात मिळतं. पेशंट परत आले की पुन्हा तुमच्याकडे घ्या. तुमचा त्यांच्यावरचा जीव मला प्रश्नातूनच कळला. दोन महिने त्यांना दुसऱ्याच्या हाती नीट सोपवणं हाही त्या काळजीचाच भाग आहे.

व्हिडिओवर काम करताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला विचारा, "आज तुम्ही कुठे आहात?" आणि उत्तर चार्टमध्ये लिहा. आपल्या मराठी ज्येष्ठांच्या बाबतीत तर हे फार गरजेचं. आजी चार महिने न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे, मग टेक्ससमध्ये ऑस्टिनला मुलीकडे, मध्येच एखादा आठवडा पुतण्याकडे, असा त्यांचा मुक्काम फिरत असतो. फोन नंबर तोच, चेहरा तोच, मागची भिंतही सारखीच दिसते, आणि त्या मात्र तिसऱ्या राज्यात असतात. कधी चक्कर येऊन पडल्या तर रुग्णवाहिका कुठे पाठवायची, हे कळण्यासाठीही तो पत्ता हवा.

प्रिव्हिलेज मिळालं की काम त्या राज्याच्या कायद्याने करायचं, आणि हे कायदे खरोखर वेगळे आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंट पाहण्याची मुभा २०१५ पासून पन्नासही राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात आहे, पण मर्यादा निरनिराळ्या. न्यू यॉर्कमध्ये १० भेटी किंवा ३० दिवस, जे आधी होईल ते. कॅलिफोर्नियात १२ भेटी किंवा ४५ दिवस. ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचून करायचा उपचार) अनेक राज्यांत पीटीला करता येतं, कॅलिफोर्नियात येत नाही. किती असिस्टंटच्या कामावर देखरेख करायची, देखरेख प्रत्यक्ष की फोनवर, सही कधी करायची, हेही राज्यागणिक बदलतं. सकाळी न्यू जर्सीत आणि दुपारी डेलावेअरमध्ये काम करणाऱ्या थेरपिस्टच्या हातून इथेच घोटाळा होतो, कारण हात दोन्हीकडे तेच काम करत असतात. पहिल्या भेटीच्या आधी डेलावेअरचा कायदा आणि बोर्डाचे नियम एकदा पूर्ण वाचा. एका संध्याकाळचं वाचन आहे.

जिथे मी सगळ्यात जास्त सांभाळून राहायला सांगेन ती गोष्ट म्हणजे शिस्तभंग. हा करार फायदा पसरवतो तसाच तोटाही पसरवतो. न्यू जर्सीच्या लायसन्सवर निर्बंध आला की सगळ्या राज्यांतली प्रिव्हिलेज जातात, आणि लायसन्स पूर्ववत झालं तरी कारवाईच्या तारखेपासून दोन वर्षं उलटेपर्यंत परत मिळत नाहीत. उलट बाजूनेही तसंच: एका परक्या राज्याने प्रिव्हिलेज काढून घेतलं तर बाकी सगळी जातात, मुदत आणि दंड पुरा करायचा आणि वर ती दोन वर्षं. करारात नसलेल्या राज्याने कारवाई केली तर ती ३० दिवसांत कमिशनला स्वतः कळवावी लागते. राज्यांची बोर्डं ही माहिती एकमेकांना देतात, म्हणून "तिकडचं इकडे कळणार नाही" या हिशेबाने कुणी वागू नये. क्वीन्सच्या त्या व्हिडिओ कॉलबद्दल मी इतकी ठाम आहे ती यामुळेच. पेशंटच्या भल्यासाठी केलेल्या चार कॉलमुळे न्यू जर्सीचं लायसन्स अडचणीत आलं, तर डेलावेअर जाईल, टेक्ससचा रस्ता खडतर होईल, आणि एच-१बीवर असताना लायसन्स गेलं तर नोकरीबरोबर इथला मुक्कामही धोक्यात येईल. दुसऱ्या राज्यातल्या भेटीबद्दल शंका असेल तर "आज नाही" म्हणायची हिंमत ठेवा. मॅनेजर रागावेल, रागावू द्या.

टेक्सस. इथे क्रम चुकला तर महिनोन्महिने घरी बसावं लागतं. होम स्टेट म्हणजे जिथे तुम्ही खरोखर राहता ते राज्य. टेक्ससला घर हलवलंत की न्यू जर्सी तुमचं होम स्टेट राहत नाही, आणि त्या आधारावर घेतलेली प्रिव्हिलेज टिकत नाहीत. अनेकांना वाटतं की जाण्याआधी टेक्ससचं प्रिव्हिलेज घेऊ आणि तिथे राहून त्यावरच काम करू. तसं करता येत नाही. ज्या राज्यात राहता तिथे पूर्ण लायसन्सच लागतं. म्हणून नवऱ्याच्या नोकरीचं पक्कं होताच, सामान बांधण्याच्या कितीतरी आधी, चेरी हिलमधूनच टेक्ससच्या लायसन्ससाठी एंडोर्समेंटचा अर्ज करा. त्यासाठी तिथे राहत असण्याची गरज नसते. ज्युरिसप्रुडन्स देऊन टाका. परदेशी शिक्षणासाठी ते कुठला अहवाल मागतात हे त्यांच्या बोर्डाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

एच-१बीचा नवा अर्ज या लायसन्सनंतर येतो, कारण पीटीच्या अर्जाला ज्या राज्यात काम करायचं तिथलं लायसन्स जोडावं लागतं. त्याच वेळी आपलं हेल्थकेअर वर्कर प्रमाणपत्र काढून तारीख बघा. १९९६ च्या इमिग्रेशन कायद्याने ते आपल्या व्यवसायाला बंधनकारक झालं, आणि त्याची मुदत पाच वर्षं असते. लायसन्स आलं, मालक तयार आहे आणि प्रमाणपत्र मात्र मागच्या महिन्यात संपलेलं, हे मी आपल्या लोकांच्या बाबतीत वारंवार पाहते. ग्रीन कार्डचा विचार सुरू असेल तर लक्षात ठेवा की फिजिकल थेरपिस्ट 'शेड्यूल ए' यादीत आहेत. मालकाला अमेरिकन उमेदवार शोधण्याची लांब प्रक्रिया करावी लागत नाही. नव्या मालकाशी बोलताना हा मुद्दा स्वतः मांडा, लहान क्लिनिकच्या मालकांना तो ठाऊक नसतो.

टेक्ससला गेल्यावर न्यू जर्सीचं लायसन्स सोडू नका. फी भरून, क्रेडिट करून ते चालू ठेवा. ते पूर्ण लायसन्स आहे, होम स्टेट बदलल्याने ते रद्द होत नाही. परत यायची वेळ आली तर सगळी कागदपत्रं नव्याने जमवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. डेलावेअर पुन्हा लागलं तर कॉम्पॅक्टच्या खात्यात टेक्सस हे होम स्टेट नोंदवून नवं प्रिव्हिलेज घ्या.

बाकीच्या गोष्टी पटकन. मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकीसाठीचा) विमा देणाऱ्या कंपनीला दुसऱ्या राज्यात काम सुरू करण्याआधी कळवा आणि पॉलिसीत ते लिहून घ्या. खासगी विमा कंपन्यांचं क्रेडेन्शियलिंग (थेरपिस्टला आपल्या यादीत घेणं) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) राज्यवार वेगळं असतं. प्रिव्हिलेज एका दिवसात मिळालं तरी त्याला महिने लागू शकतात, पण एजन्सीच्या नावाने बिल होत असेल तर ती काळजी एजन्सीची. डेलावेअरमध्ये कमावलेल्या पगारावर तिथला कर लागतो आणि न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट घ्यायचं असतं. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्यात पगारापुरता परस्पर करार आहे, तिथे राज्याच्या करापुरता हा त्रास नाही. कधी व्हेटरन्स अफेअर्सच्या (माजी सैनिकांसाठीच्या खात्याच्या) इस्पितळात नोकरी मिळाली तर तिथे कुठल्याही एका राज्याचं लायसन्स पुरतं, ती केंद्र सरकारची नोकरी आहे.

राहिल्या सांगलीच्या मैत्रिणी. नियम तोच, पेशंट जिथे तिथला कायदा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे होते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आपल्यासारख्या सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्यांच्या नोंदवह्या आणल्या आहेत. न्यू जर्सीच्या लायसन्सचा तिथे काही उपयोग नाही, आणि इथला मालप्रॅक्टिस विमा तिकडच्या पेशंटला लागू होईल असं धरून चालू नका. पैसे घेऊन सल्ला दिलात तर एच-१बीवर मंजूर मालकाशिवाय दुसरं काम केल्याचा प्रश्न येतो. उलट बाजूही सांगते: सुट्टीत सांगलीला असताना न्यू जर्सीच्या पेशंटला व्हिडिओवर पाहून मेडिकेअरला बिल लावता येत नाही, कारण अमेरिकेबाहेरून दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर देत नाही.

आईच्या मैत्रिणींना जवळच्या चांगल्या फिजिओचं नाव द्या, हवं तर त्याच्याशी फोनवर बोला. आणि तुमची महाराष्ट्रातली नोंदणी मुदतीत नूतनीकरण करून ठेवा. पुढे एखाद्या राज्याने किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने तिथल्या नोंदणीची पडताळणी मागितली, तर मुंबईच्या ऑफिसातून येणारं ते पत्र चालू नोंदणीवरच लवकर मिळतं.